कधीतरी

लक्ष्मीभुवन चौकात, चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत
आम्ही सातजण इंग्रजी शिकतो.
त्यात म्हातारा मीच. अंबाझरीच्या फॅक्टरीतून सुटून
दोन वर्षं झाली. पोरगी ऑकलंडला, जावई तिकडचाच,
आणि त्याची आई फोनवर जे बोलते
त्यातले शब्द कळतात, म्हणणं कळत नाही.

"यू मस्ट कम ओव्हर समटाइम," ती म्हणाली,
आणि मी त्याच आठवड्यात
पासपोर्टचा फॉर्म भरून आलो.

तन्वंगी मॅडम असतील चोवीस वर्षांच्या.
फळ्यावर लिहितात : ड्रॉप इन. हँग आउट. हॅव समवन ओव्हर.
मी वहीत उतरवतो : टपकणे. बाहेर लटकणे.
कुणीतरी वर असणे.
वाचून दाखवलं, तर अख्खा वर्ग बाकांवर आडवा.

मग आला रेन चेक.
म्हणजे, आज नको, पुढे कधी जमवू.
खिडकीबाहेर शेहेचाळीस डिग्री,
कूलरचा पंप बंद, खस वाळून कडकडीत,
आणि शाहीन बाजी विचारतात,
"मॅडम, मे महिन्यात नाही म्हणायचं असलं, तर?"

गोइंग डच. ज्याचे त्याने द्यायचे.
हे काही माझ्या डोक्यात बसेना.
तर्री-पोह्याच्या ठेल्यावर आमची रीत वेगळी :
ज्याचा हात आधी खिशात गेला
त्याचं मनगट दुसऱ्यानं धरायचं.
उईके माझं असं धरायचा
की दुपारपर्यंत बोटांचे वळ दिसायचे.

आज मॅडमना मी पासपोर्टचं सांगितलं.
त्या हसल्या नाहीत. खडू खाली ठेवला.
"काका, वार सांगितला नाही, वेळ सांगितली नाही,
तर ते बोलावणं नसतं.
फोन ठेवायच्या आधीचं बोलणं असतं ते.
गोड असतं, खोटंही नसतं.
पण त्यावर तिकीट काढायचं नाही."

सगळ्यांनी लिहून घेतलं.
माझं पेन तिथंच थांबलं.

उईके. माझ्या लेथच्या पलीकडचा.
एकोणतीस वर्षं, सुट्टीचा भोंगा झाला
की सायकल स्टँडवर मी त्याला म्हणायचो,
"येजो ना बे घरी कधी."
"येतो ना भाऊ," तो म्हणायचा,
आणि पँटीला क्लिप लावून वाडीकडे वळायचा.
इंग्रजीचा एक शब्द नव्हता त्यात.
वारही नव्हता. पत्ता तर नव्हताच.

त्याच्या पोरीच्या लग्नाची पत्रिका
माझ्या लॉकरच्या फटीतून आत आली होती.
हळद लावलेली, नाव नीट घातलेलं.
पत्रिका द्यायला माणसं घरी येतात.
मला तेव्हा वाटलं होतं,
काय घाईत असतो हा माणूस!
लग्नालाही मी
रेन चेकच घेतला होता. शब्द माहीत नव्हता इतकंच.

घरचा अभ्यास : पाहुण्याला बोलवा. पाच वाक्यं.
मी एकच लिहिलं.
रविवार, सकाळी दहा, गोपालनगर,
दुसऱ्या बसस्टॉपमागची गल्ली, हिरवं फाटक,
पाटोडीची भाजी.
मॅडमनी एक 'द' घातला, एक 'अ‍ॅट' खोडला,
आणि बाजूला लाल शाईत, "गुड. हू इज ही?"

डायरीतला नंबर जुना होता. तरी लागला.
माझ्या तोंडून आधी तेच निघालं,
"येजो ना बे घरी..."
मग 'कधी' गिळून
मी वहीतलं वाक्य मराठीत वाचून दाखवलं,
पहिल्यांदा फार भरभर.

पलीकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
"थांब," उईके म्हणाला, "लिहून घेतो."
मग त्याचा आवाज फोनपासून दूर गेला,
"पेन पाय बरं वं बाई, पेन.
हे चालून नाही राह्यलं."
डबे सरकले, एक कप्पा उघडला, दुसरा अडकला,
आणि मी कानाला फोन लावून
हिरव्या फाटकाकडे बघत उभा होतो,
गेल्या दिवाळीपासून रंगवायचं राहिलेल्या.